प्रोटॉनबहुल अणुकेंद्रकांचा अभिक्रिया क्रॉस सेक्शन कसा मोजतात? कोल्हापूरच्या विद्यार्थ्यांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शिवाजी विद्यापीठात आणि जिल्ह्यातल्या कॉलेजांत एम.एस्सी.ला अणुकेंद्रीय भौतिकी घेणाऱ्यांना हा विषय पुस्तकात दोन पानांत भेटतो आणि शोधनिबंधात एकदम डोंगराएवढा होऊन येतो. प्रोटॉनबहुल म्हणजे स्थिर समस्थानिकांच्या मानाने ज्यांत प्रोटॉनचं प्रमाण जास्त आहे ती अणुकेंद्रकं. मधली पायरी इथे भरून काढली आहे. आकडेमोड मुद्दाम सोडवून दाखवली आहे. कागद-पेन्सिल घेऊन वाचलंत तर जास्त उपयोग होईल.

नेमकं काय मोजायचं असतं?

एखादं अणुकेंद्रक टार्गेटमधून जाताना तिथल्या अणुकेंद्रकाशी अभिक्रिया करण्याची शक्यता किती, हे क्षेत्रफळाच्या रूपात सांगितलं की तो अभिक्रिया क्रॉस सेक्शन. एकक बार्न, म्हणजे १०^−२४ चौ.सेमी. आपल्या कामात मिलिबार्न सोयीचा पडतो. १ चौरस फर्मी म्हणजे १० मिलिबार्न, हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं सोपं जातं.

यात लवचीक विकिरण सोडून बाकी सगळं येतं: प्रोटॉन किंवा न्यूट्रॉन निखळणं, तुकडे होणं, आणि दोघांपैकी कुणी उत्तेजित होणंसुद्धा. आदळणाऱ्या अणुकेंद्रकाचा प्रोटॉन किंवा न्यूट्रॉन आकडा बदलला तेवढ्याच घटना मोजल्या तर त्याला अन्योन्यक्रिया क्रॉस सेक्शन म्हणतात. काहीशे एमईव्ही प्रति न्यूक्लिऑनच्या (बीमची ऊर्जा, दर प्रोटॉन-न्यूट्रॉनमागे) वर दोन्हींत फारसा फरक राहत नाही. १०० च्या खाली मात्र या दोन आकड्यांची सरमिसळ करू नये.

यातून मिळतं काय?

त्रिज्या. सोप्या चित्रात क्रॉस सेक्शन म्हणजे पाय गुणिले दोन त्रिज्यांच्या बेरजेचा वर्ग. कार्बन-१२ वर कार्बन-१२ आदळला तर ९५० एमईव्ही प्रति न्यूक्लिऑनला ८५३ ± ६ मिलिबार्न मिळाला आहे. ८५.३ चौरस फर्मीला पायने भागून वर्गमूळ काढलं की ५.२१ फर्मी, म्हणजे प्रत्येकी २.६. क्रॉस सेक्शन १ टक्क्याने चुकला तर ही बेरीज ०.०२६ फर्मीने चुकते. त्रिज्येतले फरक याच मापाचे असतात, म्हणून १ टक्क्यासाठी एवढा आटापिटा.

१९८५ मध्ये इसाओ तानिहाता आणि सहकाऱ्यांनी बर्कलीच्या बेव्हालॅक या प्रवेगकावर ७९० एमईव्ही प्रति न्यूक्लिऑनला लिथियमचे समस्थानिक कार्बनवर सोडले. लिथियम-९ चा आकडा ७९६ ± ६ मिलिबार्न आला आणि लिथियम-११ चा १०४० ± ६०. दोनच न्यूट्रॉन वाढले आणि अणुकेंद्रक अचानक फुगलं. न्यूट्रॉन हॅलोचा, म्हणजे गाभ्याभोवती दूरवर पसरलेल्या सैल न्यूट्रॉनच्या विरळ वलयाचा, शोध लागला तो असा, ‘किती कण पलीकडे पोचले नाहीत’ हे नीट मोजून.

मग प्रोटॉनच्या बाजूला हॅलो सापडतो का?

सापडतो, पण अवघडून. शेवटचा प्रोटॉन कितीही सैल बांधलेला असला तरी त्याला बाहेर पसरायला कूलॉम्बची भिंत आड येते, आणि कक्षीय कोनीय संवेग शून्य नसेल तर केंद्रोत्सारी भिंतही. बोरॉन-८ मधला शेवटचा प्रोटॉन फक्त ०.१३७ एमईव्हीने बांधलेला आहे. तरी ७९० एमईव्ही प्रति न्यूक्लिऑनला कार्बनवर त्याचा आकडा सुमारे ७९० मिलिबार्नच येतो. त्याचा आरसा-जोडीदार (प्रोटॉन आणि न्यूट्रॉनचे आकडे अदलाबदल केलेला) लिथियम-८ याचा ७६८ ± ९ आहे. म्हणजे लिथियम-११ सारखी उडी नाही.

बोरॉन-८ मध्ये प्रोटॉनचं शेपूट लांब आहे, पण विरळ. उच्च ऊर्जेला ते जवळजवळ पारदर्शक ठरतं. कमी ऊर्जेला दोन न्यूक्लिऑनमधला क्रॉस सेक्शन मोठा असल्याने तेच शेपूट अडवू लागतं आणि आकड्यात दिसतं. म्हणून प्रोटॉनबहुल अणुकेंद्रकांसाठी एका ऊर्जेचं मोजमाप अपुरं आहे, असं आमचं स्पष्ट मत आहे. निदान एक बिंदू १०० एमईव्ही प्रति न्यूक्लिऑनच्या खाली आणि एक बराच वर हवा.

याच कारणांसाठी अभ्यासली जाणारी इतर नावं: निऑन-१७ (दोन प्रोटॉन मिळून ०.९३ एमईव्हीने बांधलेले), ॲल्युमिनियम-२३ (०.१४ एमईव्ही), कार्बन-९, नायट्रोजन-१२, फॉस्फरस-२७. ॲल्युमिनियम-२३ ची बांधणी बोरॉन-८ इतकीच सैल, पण तिथे शेवटचा प्रोटॉन डी-कक्षेत आहे. त्यामुळे केंद्रोत्सारी भिंत उंच पडते. नुसती बांधणी ऊर्जा पाहून हॅलो म्हणायची घाई करू नये ती यासाठीच.

ट्रान्समिशन पद्धत म्हणजे काय?

टार्गेटच्या अलीकडे ओळख पटवून कण मोजा. पलीकडे, तोच कण न बदलता आला का ते मोजा. पलीकडचे भागिले अलीकडचे, हे गुणोत्तर टार्गेट ठेवून काढा आणि टार्गेट काढूनही (ही रिकामी धाव) काढा. मग

क्रॉस सेक्शन = (१ ÷ टार्गेटची जाडी) × नैसर्गिक लॉग (रिकाम्या धावेचं गुणोत्तर ÷ टार्गेट असतानाचं गुणोत्तर)

जाडी इथे ‘प्रति चौ.सेमी किती अणू’ अशी घ्यायची. कार्बनच्या १ ग्रॅम प्रति चौ.सेमीमध्ये ५.०२ × १०^२२ अणू असतात. क्रॉस सेक्शन १ बार्न धरला तर ०.०५०२, म्हणजे शंभरात जेमतेम ५ कण अभिक्रिया करतात. उरलेले ९५ सुखरूप जातात, आणि आपलं सगळं लक्ष त्या ५ वर.

पद्धतीची खरी ताकद अशी की अलीकडची आणि पलीकडची मोजणी एकाच ट्रिगरवर, एकाच घटनेत होते. इलेक्ट्रॉनिक्सचा मृतकाळ दोन्हीकडे सारखाच लागतो आणि गुणोत्तरात जातो. त्यासाठी ट्रिगर फक्त अलीकडच्या डिटेक्टरचा हवा. पलीकडच्या डिटेक्टरचा संकेत ट्रिगरमध्ये घेतला तर जे कण गायब झाले ते नोंदलेच जाणार नाहीत आणि मोजमापाचा पायाच जाईल.

प्रोटॉनबहुल कणांचा बीम येतो कुठून?

ही अणुकेंद्रकं काही मिलिसेकंद ते सेकंदभर जगतात: निऑन-१७ चं अर्धायुष्य १०९ मिलिसेकंद, बोरॉन-८ चं ७७० मिलिसेकंद. त्यामुळे टार्गेट म्हणून वापरायचा प्रश्नच नाही, त्यांनाच बीम करावं लागतं. निऑन-२० सारखा स्थिर बीम बेरिलियमवर आदळवतात. तुकडे जवळपास मूळ वेगानेच पुढे जातात आणि फ्रॅगमेंट सेपरेटर त्यातून हवा तो निवडतो. निवड तीन टप्प्यांत होते: आधी चुंबकाने, मग ॲल्युमिनियमच्या पाचरीत ऊर्जा घालवून, मग पुन्हा चुंबकाने. सेपरेटरपासून प्रयोगापर्यंतचा प्रवास एका मायक्रोसेकंदाच्या आत उरकतो, तेव्हा वाटेत क्षय होण्याची चिंता नाही.

जपानमधलं रिकेन, जर्मनीतलं जीएसआय, फ्रान्समधलं गानिल, अमेरिकेतलं एफआरआयबी, चीनमधलं लान्झोऊ ही या कामाची ठिकाणं. जपानच्या चिबा इथल्या हायमॅकचा उल्लेख मुद्दाम करतो. ते यंत्र कर्करोगावरच्या उपचारासाठी बांधलं आहे, आणि रुग्णांच्या वेळेनंतर त्याच बीमवर कितीतरी क्रॉस सेक्शन मोजले गेले आहेत.

आलेला कण निऑन-१७ च आहे हे कसं ओळखायचं?

उदाहरण सोडवू. चुंबकीय कडकपणा, म्हणजे कण चुंबकात वळायला किती विरोध करतो त्याचं माप (टेस्ला-मीटर) = ३.१०७ × बीटा-गॅमा × (वस्तुमानांक ÷ प्रभार). बीटा म्हणजे वेग भागिले प्रकाशवेग आणि गॅमा म्हणजे सापेक्षतेतला लॉरेंट्झ गुणक. ७० एमईव्ही प्रति न्यूक्लिऑनच्या निऑन-१७ साठी बीटा-गॅमा ०.३९५ आणि गुणोत्तर १.७, म्हणून कडकपणा सुमारे २.०९.

आता त्याच चुंबकातून आणखी कोण येईल? ज्यांचं गुणोत्तर २ आहे, उदाहरणार्थ नायट्रोजन-१४, ते ५१ एमईव्ही प्रति न्यूक्लिऑनला आले तर नेमके याच वाटेने येतील. २० मीटरच्या उड्डाणाला निऑन-१७ ला १८२ नॅनोसेकंद लागतात आणि त्यांना २१०. प्लास्टिक सिंटिलेटरची अचूकता नॅनोसेकंदाच्या अंशात असते, त्यामुळे हे दोघे सहज सुटतात.

नायट्रोजन-१२ चं गुणोत्तर १.७१४ आहे. त्याचा वेळ १८३ नॅनोसेकंद, म्हणजे जेमतेम सव्वा नॅनोसेकंदाचा फरक. इथे पातळ सिलिकॉन डिटेक्टरमधला ऊर्जाक्षय कामी येतो. तो प्रभाराच्या वर्गाने वाढतो, म्हणून १०० विरुद्ध ४९. वेळ आणि ऊर्जाक्षय दोन्ही एकत्र मांडले की प्रत्येक समस्थानिकाचा वेगळा ठिपका दिसतो. त्यात चुंबकाच्या विखुरणाऱ्या केंद्रावर (जिथे वेगवेगळ्या संवेगाचे कण वेगवेगळ्या जागी पडतात) जागा मोजणारा डिटेक्टर जोडला तर संवेगातला फरक दुरुस्त होऊन ठिपके आणखी लहान होतात.

प्रोटॉनच्या बाजूची एक खास कटकट इथे सांगायला हवी. ५० ते १५० एमईव्ही प्रति न्यूक्लिऑनच्या पट्ट्यात तुकड्यांच्या संवेगाला खालच्या बाजूने लांब शेपूट असतं. प्रोटॉनबहुल कणांचं गुणोत्तर लहान, म्हणून त्यांचा कडकपणा कमी, आणि मुबलक बनणाऱ्या स्थिर शेजाऱ्यांचं शेपूट बरोबर तिथेच येऊन पडतं. सेकंदाला दहा निऑन-१७ हवे असताना हजारो नको असलेले कण डिटेक्टरवर येतात. मिशिगनच्या एनएससीएल या प्रयोगशाळेत यासाठी रेडिओ-कंप्रतेचा किकर बसवला होता. वेळ चुकलेले कण तो विद्युतक्षेत्राने बाजूला ढकलायचा. असा किकर नसेल तर बीम कमी करणं आणि ओळखीची चौकट अरुंद ठेवणं, एवढंच हाती राहतं.

टार्गेट किती जाड घ्यावं?

इथे उच्च आणि मध्यम ऊर्जेचे रस्ते फुटतात.

७०० एमईव्ही प्रति न्यूक्लिऑनला ४ ग्रॅम प्रति चौ.सेमी कार्बन ठेवला तरी निऑनची ऊर्जा प्रति न्यूक्लिऑन ५० एमईव्हीच्या आसपासच घटते आणि १८ टक्के कण अभिक्रिया करतात. ७० ला मात्र निऑनच्या कणाची ऊर्जा १ ग्रॅमच्या आतच संपते. म्हणून ३०० मिलिग्रॅम प्रति चौ.सेमीवर थांबावं लागतं. त्यातसुद्धा प्रति न्यूक्लिऑन १५ एमईव्हीहून अधिक जातात आणि अभिक्रिया होते जेमतेम दीड टक्का. मिळालेला क्रॉस सेक्शन मग एका ऊर्जेचा राहत नाही, आत शिरतानाच्या आणि बाहेर पडतानाच्या ऊर्जांमधली ती सरासरी असते. निबंधात तशीच लिहावी.

किती कण मोजले की १ टक्का अचूकता येते?

समजा डिटेक्टर वगैरेंमुळे रिकाम्या धावेतही २ टक्के कण गळतात. ३०० मिलिग्रॅमचं टार्गेट असेल तर टार्गेटच्या धावेत ३.५ टक्के गळतील. लॉगमधली अनिश्चितता म्हणजे (०.०३५ + ०.०२) ÷ कणसंख्या, याचं वर्गमूळ. हे ०.०१५ च्या १ टक्का, म्हणजे ०.०००१५ इतकं हवं. उत्तर येतं सुमारे २४ लाख कण, प्रत्येक धावेत. सेकंदाला १०० कण मिळाले तर पावणेसात तासांच्या दोन धावा; १० च मिळाले तर जवळजवळ तीन-तीन दिवस.

७०० एमईव्हीच्या जाड टार्गेटला हाच हिशेब ७० हजार कणांत उरकतो. प्रयोगशाळा बीमवेळ देताना आधी हीच बेरीज तपासते, तेव्हा प्रस्तावात ती पहिल्या पानावर असू द्या. आणि रिकाम्या धावेला टार्गेटच्या धावेइतकाच वेळ द्या. वेळ कमी पडला की तिलाच कात्री लागते, आणि नुकसान तिथेच होतं.

टार्गेटनंतर कण ‘बदलला नाही’ हे कशावरून?

पातळ सिलिकॉनमधल्या ऊर्जाक्षयावरून प्रभार, आणि मागच्या सिझियम आयोडाइड किंवा सोडियम आयोडाइड स्फटिकात कण थांबवून एकूण ऊर्जा. उच्च ऊर्जेला कण थांबवणं जमत नाही. तिथे सेपरेटरचा उरलेला अर्धा भाग वर्णपटमापी म्हणून वापरतात.

प्रोटॉन ड्रिपलाइनवर (ज्या सीमेपलीकडे आणखी प्रोटॉन बांधून राहत नाही) निसर्ग एक सवलत देतो. निऑन-१७ मधून एक न्यूट्रॉन गेला तर निऑन-१६ उरतो, पण तो बांधलेला नाही. तो लगेच दोन प्रोटॉन टाकून ऑक्सिजन-१४ होतो. म्हणजे निऑन-१७ ची कुठलीही तोडफोड झाली की प्रभार कमी होणारच. बोरॉन-८ आणि कार्बन-९ चंही तसंच, कारण बोरॉन-७ आणि कार्बन-८ बांधलेले नाहीत. अशा ठिकाणी नुसता प्रभार नीट ओळखला तरी अन्योन्यक्रिया क्रॉस सेक्शन मिळतो. ॲल्युमिनियम-२३ ला ही सवलत लागू नाही. ॲल्युमिनियम-२२ बांधलेला असल्याने वस्तुमानही ओळखावं लागतं.

आता सापळा. बोरॉन-८ फुटून बेरिलियम-७ आणि प्रोटॉन झाला, तर दोघे मूळ वेगानेच पुढे जातात. दोघेही एकाच स्फटिकात थांबले तर ऊर्जेची बेरीज जवळपास अख्ख्या बोरॉन-८ इतकीच भरते! एकूण ऊर्जेवर विसंबलात तर फुटलेला कण शाबूत म्हणून मोजला जाईल आणि क्रॉस सेक्शन कमी येईल. सिलिकॉनमध्ये मात्र १६ + १ = १७ दिसतं, २५ नाही. म्हणून ऊर्जाक्षयाचा डिटेक्टर एक नको, दोन-तीन एकामागे एक हवेत, म्हणजे एकात चुकलेली घटना दुसऱ्यात पकडता येते.

रिकामी धाव म्हणजे टार्गेट नुसतं काढून घ्यायचं का?

नाही, आणि बऱ्याच चुका इथेच होतात. टार्गेट काढलं की पलीकडच्या डिटेक्टरवर जास्त ऊर्जेचे कण आदळतात. तिथली अभिक्रिया बदलते, बीमचा पसारा बदलतो, स्फटिकात कण थांबण्याची जागाही बदलते. हे सगळं वजाबाकीत जात नाही. उपाय असा: रिकाम्या धावेत अलीकडे, म्हणजे ओळख पटवण्याच्या आधी, ऊर्जा कमी करणारा पत्रा घालायचा किंवा सेपरेटरची मांडणी बदलायची. पलीकडे पोचणारी ऊर्जा आणि बीमचा आकार दोन्ही धावांत सारखे यायला हवेत. दोन्ही धावांच्या जागेच्या आणि कोनाच्या आलेखांना एकमेकांवर ठेवून पाहा. जुळत नसतील तर पुढे जाऊ नका.

आणखी काय काय बिघडतं?

सगळ्यात त्रासदायक म्हणजे ऊर्जेच्या आलेखातल्या शाबूत कणांच्या शिखराखाली दडलेल्या अलवचीक घटना. कार्बन टार्गेट ४.४४ एमईव्हीला उत्तेजित झालं तर आपल्या कणाची तेवढीच ऊर्जा जाते. ७० एमईव्ही प्रति न्यूक्लिऑनच्या निऑन-१७ ची एकूण ऊर्जा ११९० एमईव्ही; डिटेक्टरची १ टक्का विभेदनक्षमता म्हणजे १२ एमईव्ही. ती घटना शिखरातच विरघळते. ती वेगळ्या गणिताने अंदाजून जमा करतात आणि तिची अनिश्चितताही जमा करतात. एका बाबतीत नशीब आपल्या बाजूने आहे: बोरॉन-८ ला बांधलेली उत्तेजित अवस्थाच नाही. त्याला उत्तेजन मिळालं की तो फुटतो आणि मोजणीत आपोआप येतो.

दुसरं, कडेचे कण. विकिरणाने थोडे वळलेले कण डिटेक्टरबाहेर गेले तर तेही ‘अभिक्रिया’ म्हणून मोजले जातात आणि आकडा फुगतो. अलीकडच्या मोजणीत बीमचा मधला भागच घ्या. मग चौकट आणखी लहान करत जा. क्रॉस सेक्शन बदलायचा थांबला की ती चौकट बरोबर.

एकाच वेळी दोन कण येण्याच्या घटना प्लास्टिकच्या संकेतावरून वगळा. सिलिकॉन स्फटिकाच्या अक्षावर बीम अगदी सरळ आला तर काही कण अणूंच्या ओळींमधल्या वाटेने कमी ऊर्जा घालवत निघून जातात. डिटेक्टर किंचित तिरका बसवला की हे टळतं.

टार्गेटची जाडी एवढी नेमकी कशी मोजायची? आणि हे काम कोल्हापुरात होईल का?

होईल, आणि उत्तम होईल. प्रति चौ.सेमी ३०० मिलिग्रॅम ग्राफाइट म्हणजे घनता १.८ धरल्यास १.६७ मिमी जाडीचा पत्रा. ५० × ५० मिमी कापला तर वजन साडेसात ग्रॅम. ०.१ मिलिग्रॅमपर्यंत वाचणाऱ्या तराजूवर वजन घ्या. गुजरीतला सोन्याचा काटा मिलिग्रॅमपर्यंत वाचतो, तेवढ्यानेही वजनातली चूक नगण्य राहते. अडचण वजनात नसून क्षेत्रफळात आणि सारखेपणात आहे.

शिवाजी उद्यमनगरात किंवा शिरोलीच्या एमआयडीसीत मिलिंग-ग्राइंडिंगची चांगली सोय आहे. सांगताना ‘५० × ५०, कडा काटकोनात, बाजू ०.०२ मिमीच्या आत, जाडी सगळीकडे ०.०१ मिमीच्या आत’ असं रेखाचित्रावर लिहून द्या. ग्राफाइट कोरडंच मशिन करायला सांगा. कूलंट किंवा तेल छिद्रांत शिरलं तर टार्गेटमध्ये कार्बनखेरीज भलतंच भरतं. फ्रेम ॲल्युमिनियमची असावी आणि बीमच्या वाटेपासून चांगली लांब.

नंतर मायक्रोमीटरने नऊ ठिकाणी जाडी मोजा. १.६७ मिमीत १ टक्का म्हणजे १७ मायक्रॉन, तेव्हा मायक्रॉन वाचणारं उपकरण हवं. मधल्या बिंदूवरची जाडी आणि वजनातून आलेली सरासरी यांत तफावत असेल तर बीम जिथे पडतो तिथली घ्या.

पावसाळ्यात आणखी एक काळजी. ग्राफाइट सच्छिद्र असतं आणि जून ते सप्टेंबर इथली हवा ओली. शोषलेलं पाणी वजनात कार्बन म्हणून मोजलं जातं आणि प्रयोगाच्या निर्वातात ते उडून जातं. ओव्हनमध्ये ११० अंशांवर दोन तास वाळवा, डेसिकेटरमध्ये गार करा आणि बाहेर काढल्याबरोबर वजन घ्या. वजनाचा आकडा डोळ्यांदेखत वर चढताना दिसला तर टार्गेट अजून ओल घेतंय.

ग्लॉबर गणित घरी करता येईल?

ग्लॉबर गणित म्हणजे दोन अणुकेंद्रकांची टक्कर ही त्यांतल्या न्यूक्लिऑनच्या जोड्यांच्या टकरींतून बांधणं. त्याची पहिली पायरी कॅल्क्युलेटरवर होते. दोन्ही अणुकेंद्रकांची घनता गाउसीय माना. मग क्रॉस सेक्शन = पाय × क × (लॉग ख + ०.५७७), जिथे क म्हणजे दोन्ही सरासरी-वर्ग त्रिज्यांच्या बेरजेचे दोन तृतीयांश आणि ख म्हणजे दोन न्यूक्लिऑनमधला क्रॉस सेक्शन गुणिले दोन्ही वस्तुमानांक भागिले (पाय × क). कार्बनच्या सरासरी-वर्ग त्रिज्येचं वर्गमूळ २.३३ फर्मी घेतलं (वरची २.६ ही टकरीची त्रिज्या, ती वेगळी) तर क = ७.२४. ९५० एमईव्हीला न्यूक्लिऑनचा सरासरी क्रॉस सेक्शन ४.३ चौरस फर्मी, म्हणून ख = २७. उत्तर ८८० मिलिबार्नच्या जवळ, मोजलेलं ८५३. तीन टक्क्यांचा फरक, एका ओळीच्या गणिताला वाईट नाही.

३० एमईव्हीच्या जवळ हेच सूत्र कमी पडतं. तिथे मोजलेला आकडा १३०० मिलिबार्नच्या वर जातो. टार्गेटमधल्या न्यूक्लिऑनची स्वतःची हालचाल आणि पुन्हापुन्हा होणारं विकिरण धरावं लागतं. हॅलोसाठी तर सरासरी घनतेचं गणित मुळातच पुरत नाही. गाभा आणि सैल प्रोटॉन वेगळे धरणारं गणित हवं, नाहीतर त्रिज्या प्रत्यक्षापेक्षा लहान निघते.

हायड्रोजन टार्गेट कशासाठी वापरतात?

काही दहा ते १०० एमईव्हीच्या पट्ट्यात न्यूट्रॉन-प्रोटॉन क्रॉस सेक्शन प्रोटॉन-प्रोटॉनपेक्षा बराच मोठा असतो. १०० ला अंदाजे ७३ विरुद्ध ३३ मिलिबार्न. म्हणून हायड्रोजन टार्गेटला समोरच्यातले न्यूट्रॉन जास्त दिसतात, तर कार्बनला दोन्ही सारखे. दोन्ही मोजमापं जोडली की प्रोटॉन आणि न्यूट्रॉनचा पसारा वेगळा काढता येतो. पॉलिथिलीनच्या आकड्यातून कार्बनचा वजा करून दोनने भागतात. मोठ्या संख्यांची वजाबाकी असल्याने चूक वाढते, त्यामुळे दोन्ही धावा भरपूर लांब हव्यात.

भारतात यातलं काय होतं?

काहीशे एमईव्ही प्रति न्यूक्लिऑनची फ्रॅगमेंटेशनची सोय आपल्याकडे नाही. पण कमी ऊर्जेला वेगळा रस्ता आहे: लवचीक विकिरण वेगवेगळ्या कोनांत मोजायचं, ऑप्टिकल मॉडेल (टार्गेटला कण वळवणारं आणि शोषणारं विभव मानणारं गणित) बसवायचं आणि त्यातून एकूण अभिक्रिया क्रॉस सेक्शन काढायचा. दिल्लीच्या आंतरविद्यापीठीय प्रवेगक केंद्रात पेलेट्रॉनचा लिथियम-७ बीम हायड्रोजनवर सोडून बेरिलियम-७ बनवतात आणि हिरा नावाचा सेपरेटर तो वेगळा करतो. त्या बेरिलियम-७ ने ॲल्युमिनियमवर असे प्रयोग झाले आहेत. हे केंद्र विद्यापीठांसाठीच आहे. कोल्हापूरच्या शिक्षकालाही प्रस्ताव पाठवून बीमवेळ मागता येतो.

खगोलभौतिकीत लागतो तो क्रॉस सेक्शन हाच का?

नाही. ताऱ्यांत बेरिलियम-७ प्रोटॉन पकडून बोरॉन-८ होतो, त्याचा क्रॉस सेक्शन यापेक्षा कितीतरी लहान असतो आणि तो वेगळ्या पद्धतीने मोजतात. बोरॉन-८ शिशाच्या विद्युतक्षेत्रात फोडून उलट्या बाजूने तो काढणं, ही त्यातली एक. नातं आहे ते शेपटाचं: तीच विरळ प्रोटॉन घनता दोन्हीकडे उत्तर ठरवते.

बीमशिवाय, कॉलेजच्या प्रयोगशाळेत याचा सराव कसा करायचा?

सिझियम-१३७ चा सीलबंद स्रोत, सोडियम आयोडाइड डिटेक्टर आणि ॲल्युमिनियमच्या पट्ट्या. ट्रान्समिशनचं गणित तेच. स्रोत प्रयोगशाळेच्या जबाबदार शिक्षकांच्या देखरेखीखालीच हाताळायचा.

दोन शिशाच्या विटांत ५ मिमीची भोकं पाडून अरुंद वाट करा, एक स्रोतापाशी, एक डिटेक्टरपाशी. उच्च दाब चालू करून तासभर थांबा. तापमानाबरोबर फोटोमल्टिप्लायरची वाढ सरकते, एप्रिल-मेच्या दुपारी तर फारच. ६६२ केईव्हीच्या शिखराचं पार्श्वभूमी वजा केलेलं क्षेत्रफळ घ्या. पट्टी आत, पट्टी बाहेर, अशा धावा आलटून पालटून करा, म्हणजे सरकणं दोन्हींत वाटलं जाईल.

बाहेरच्या धावेत १ लाख मोजणी झाली असं धरू. १ सेमी ॲल्युमिनियम १८ टक्के अडवतं आणि उत्तरातली अनिश्चितता २.३ टक्के येते. तेवढ्याच वेळेत ४ सेमी ठेवलं तर ती ०.७ टक्क्यांवर उतरते. जाडीचा परिणाम कागदावर वाचण्यापेक्षा हा असा समजतो. उत्तर दर अणूमागे ३.३ बार्नच्या आसपास यायला हवं. पडताळा असा: या ऊर्जेला एका इलेक्ट्रॉनचा कॉम्प्टन क्रॉस सेक्शन ०.२५६ बार्न, आणि ॲल्युमिनियममध्ये १३ इलेक्ट्रॉन.

मग डिटेक्टरपाशी ठेवलेली वीट काढा, शिखराची चौकट खालच्या बाजूने रुंद करा आणि पुन्हा मोजा. क्रॉस सेक्शन घटलेला दिसेल, कारण थोडे वळलेले, थोडी ऊर्जा गमावलेले फोटॉन ‘न अडलेले’ म्हणून मोजले गेले. निऑन-१७ च्या शिखराखाली दडणाऱ्या अलवचीक घटना हेच करतात. वर्णपट शेजारी शेजारी छापून वहीत लावा.

सोबत लाइज++ हा मोफत प्रोग्राम उतरवून निऑन-२० पासून निऑन-१७ चा बीम संगणकावर बनवून पाहा, आणि आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या एक्सफोर या खुल्या संचातून कार्बन-कार्बनचे आकडे घेऊन वरचं सूत्र वेगवेगळ्या ऊर्जांना लावा. एका सत्राच्या प्रकल्पाला एवढं काम भरपूर आहे.

निकाल लिहिताना काय विसरू नये?

क्रॉस सेक्शन कुठला, अभिक्रिया की अन्योन्यक्रिया. टार्गेटमधली सरासरी ऊर्जा आणि तिचा पल्ला. टार्गेटची जाडी चुकीसकट, आणि ती कशी मोजली. दोन्ही धावांची गुणोत्तरं वेगवेगळी. संख्याशास्त्रीय आणि पद्धतीतली चूक वेगवेगळी, एकत्र करून नव्हे. अलवचीक घटनांसाठी किती मिलिबार्न जमा केले ते. आणि त्याच मांडणीत कार्बन-१२ चा आकडा मोजला असेल तर तो आधी द्या. वाचणारा तज्ज्ञ आधी त्याच्याकडेच पाहतो.